कप-डिस्क गुणोत्तर ०.७ : काचबिंदू की डोळ्याची मूळ ठेवण?

मृण्मयी_क (धागाकर्ती)

नमस्कार. माझे वय ४४ आहे आणि शाळेत असल्यापासून दोन्ही डोळ्यांना उणे नंबर आहे. आज तो उजव्याला ५.५ आणि डाव्याला ५ इतका आहे. दोन महिन्यांपूर्वी चाळिशीचा चष्मा करून घ्यावा म्हणून डोळ्यांच्या एका दवाखान्यात गेले असता तेथील डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा मागचा भाग पाहिला आणि कागदावर ‘सी-डी रेशो ०.७, दोन्ही, काचबिंदू संशयित’ एवढेच लिहून पुढच्या तपासण्या सांगितल्या. डोळ्यांतला दाब १५ आणि १६ निघाला. दृष्टिक्षेत्राची चाचणी, म्हणजे ते दिवा दिसला की बटण दाबायचे यंत्र, दोन्ही डोळ्यांत निर्दोष आली. मात्र ओसीटी स्कॅनच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या थरांची जाडी मोजणाऱ्या तपासणीच्या, छापील अहवालात वरच्या आणि खालच्या बाजूला लाल तुकडे होते. ते पाहताच ‘आता आयुष्यभर थेंब’ असे सांगून चिठ्ठी हातात देण्यात आली. आणखी काही विचारण्याआधी पुढच्या रुग्णाचे नाव पुकारलेही गेले होते.

दुसऱ्या ठिकाणी दाखवले, तेव्हा तिथल्या बाईंनी त्याच कागदांकडे पाहून सांगितले की तुमची चकतीच मुळात मोठी आहे, थेंबांची आज गरज दिसत नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा या. डोळे तेच, कागद तेच आणि मते मात्र दोन टोकांची. माझी तक्रार कोणा एका डॉक्टरांबद्दल नाही. ०.७ या आकड्याचा नेमका अर्थ काय आणि तो एकाला रोग तर दुसऱ्याला नैसर्गिक ठेवण का वाटतो, हे समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निमशहरी_नेत्रवैद्य

मृण्मयीताई, तुमचे डोळे न पाहता निदानाबद्दल मी काही बोलणार नाही, ते कोणीच बोलू नये. आकड्याबद्दल मात्र जरूर लिहितो.

दृष्टिपटलावरून निघणारे साधारण दहा-बारा लाख चेतातंतू चहूबाजूंनी एका ठिकाणी गोळा होतात, तिथे काटकोनात वळतात आणि डोळ्याच्या मागच्या भोकातून बाहेर पडून मेंदूकडे जातात. हे भोक आम्हाला समोरून गुलाबी-केशरी चकतीसारखे दिसते, तीच डिस्क. तंतू कडेकडेने आत उतरतात, त्यांची जी गुलाबी कड दिसते ती रिम, आणि मधोमध जी फिकट, खोलगट जागा शिल्लक राहते तो कप. काचबिंदूत तंतू मरतात, रिम झिजते आणि कप रुंदावतो, म्हणून कपाचा व्यास भागिले चकतीचा व्यास असा हिशेब रूढ झाला. त्यातली मेख अशी की कप हा अवयव नाहीच, ती उरलेली जागा आहे. आडाला आणि रुंद विहिरीला आतून तेवढेच दगड लावून काठ बांधला, तर आडात पोकळी जेमतेम उरेल आणि विहिरीत पुष्कळ उरेल. दगड मात्र दोन्हीकडे सारखेच. विहिरीतली पोकळी पाहून ‘दगड ढासळले’ असे म्हणता येत नाही.

आता ही भोके किती लहान-मोठी असतात? जर्मनीत जोस्ट योनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत निरोगी डोळ्यांतील चकतीचे क्षेत्रफळ ०.८ चौरस मिलिमीटरपासून जवळजवळ ६ चौरस मिलिमीटरपर्यंत आढळले, म्हणजे सुमारे सातपट फरक. माणसांच्या उंचीत किंवा पावलांच्या मापात असा फरक आपल्याला कुठेही दिसत नाही. त्याच निरोगी डोळ्यांत कप-डिस्क गुणोत्तर शून्यापासून ०.८ च्याही वरपर्यंत होते. म्हणूनच ‘सी-डी ०.७’ असे लिहून शेजारी चकतीचा आकार न लिहिणे म्हणजे बाळाचे वजन लिहून वय न लिहिण्यासारखे आहे. दुर्दैवाने आमच्यापैकी बहुतेक जण घाईच्या बाह्यरुग्ण विभागात तसेच लिहितो, मीही लिहिले आहे.

आकार मोजायला मोठे यंत्र लागत नाही. स्लिट लॅम्पवर (हनुवटी टेकवून डोळा पाहायचा सूक्ष्मदर्शक) हातातल्या भिंगातून चकती पाहताना प्रकाशाची उभी फट चकतीच्या उंचीएवढी आखूड करायची, यंत्रावरच्या पट्टीवर आकडा वाचायचा आणि भिंगाच्या गुणकाने गुणायचे. ९० डायॉप्टरच्या भिंगाला १.३, ७८ च्या भिंगाला १.१. उत्तर साधारण १.५ मिलिमीटरच्या खाली आले तर चकती लहान, २.२ च्या वर गेले तर मोठी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पुढच्या भेटीत एवढे मोजून लिहून द्यायला सांगा.

त्रैराशिक

डॉक्टरसाहेबांचा आड-विहिरीचा दाखला वाचून राहवले नाही, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चकती आणि कप दोन्ही पूर्ण गोल धरले आणि रिमचे क्षेत्रफळ सगळीकडे १.५ चौरस मिलिमीटर इतकेच ठेवले. चकतीचा व्यास १.५ मिलिमीटर असेल तर तिचे क्षेत्रफळ १.७७ येते, कपाला ०.२७ उरते आणि गुणोत्तर ०.३९ निघते. व्यास १.८ केला तर गुणोत्तर ०.६४. आणि व्यास २.२ केला तर क्षेत्रफळ ३.८०, कप २.३० आणि गुणोत्तर ०.७८! एकही तंतू न गमावता आकडा ०.३९ वरून ०.७८ वर जातो, याचे मला फारच आश्चर्य वाटले. व्यासात फरक जेमतेम पाऊण मिलिमीटरचा आहे.

माझी शंका अशी की हे माहीत असताना नुसते गुणोत्तर लिहिण्याची प्रथा टिकली कशी?

निमशहरी_नेत्रवैद्य

त्रैराशिकराव, गणित बरोबर आहे. एक दुरुस्ती करतो: प्रत्यक्षात मोठ्या चकतीत तंतू आणि रिम थोडी अधिक असते, त्यामुळे खरा आकडा तुमच्या उत्तराइतका वर जात नाही, दिशा मात्र तीच.

प्रथा टिकली ती सोयीमुळे. दोन अंकांत काम भागते आणि फोनवरही सांगता येते. तरी अनुभवी माणसांनी एकाच चकतीचे छायाचित्र पाहून दिलेल्या गुणोत्तरांत ०.१ ते ०.२ चा फरक सर्रास पडतो, मग एका दवाखान्यातले ०.६ आणि दुसऱ्यातले ०.७ यांवरून रोग वाढला असे कसे म्हणणार? जॉर्ज स्पेथ यांनी २००२ मध्ये मांडलेल्या श्रेणीपद्धतीत म्हणूनच कप बाजूला ठेवला आहे. चकती आधी लहान, मध्यम की मोठी ते ठरवायचे आणि मग रिम सर्वांत बारीक कुठे आहे व ती चकतीच्या व्यासाच्या मानाने किती आहे ते पाहायचे.

थोडे विषयाच्या कडेचे, पण सांगण्याजोगे आहे. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन दिले आणि त्यानंतर काचबिंदूची चकती पाहणाऱ्या येगर, ग्रेफे यांच्यासारख्या मातब्बरांना सुरुवातीला ती खोलगट नव्हे तर फुगलेली वाटली. एका डोळ्याने पाहताना खोली कळत नाही, हेच कारण. पुढे हाइनरिख म्युलर यांनी चिरून पाहिलेल्या डोळ्यांत तो खड्डा असल्याचे दाखवले. ही चकती पहिल्या दिवसापासून पाहणाऱ्याला चकवत आली आहे.

आपल्याकडचा आकडा हवा असेल तर नागपूरजवळच्या ग्रामीण भागात २००६ ते २००८ या काळात विनय नांगिया, योनास आणि सहकाऱ्यांनी तीस वर्षांवरील ४७११ लोकांची तपासणी केली होती. त्यात चकतीचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे २.२५ चौरस मिलिमीटर आले. सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसारा मोठा होता, हे सांगायला नकोच.

कृष्णाकाठ

मोठ्या चकतीची बाजू वर आली आहे, म्हणून उलट बाजू मांडतो; ती आमच्या घरात भोगून झाली आहे.

माझ्या वडिलांना अधिक (प्लस) नंबर होता आणि चकती लहान. सहा-सात वर्षे दरवर्षी तपासणी होत असे आणि दरवर्षी कागदावर ‘सी-डी ०.४, नॉर्मल’ असे येत असे. दाब १७-१८ च्या पुढे कधी गेला नाही. ०.४ हा आकडा इतका साळसूद होता की पुढे पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही, आम्हालाही नाही. एके दिवशी पायरीवर उभे राहून डोक्यावरच्या फळीवरचा डबा काढताना शेजारची बरणी त्यांना दिसलीच नाही आणि ती खाली आली. नव्या डॉक्टरांनी चकतीचे छायाचित्र मोठे करून आम्हाला दाखवले: खालच्या बाजूला, घड्याळात सात वाजता काटा असतो त्या जागी, रिमला खाच पडलेली होती आणि तिथून निघणारी रक्तवाहिनी कडेवर येऊन एकदम वाकलेली दिसत होती. फील्डमध्ये, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत, वरच्या अर्ध्या भागात कमानीसारखा काळा पट्टा आला. पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडीही सरासरीपेक्षा कमी, ४९५ मायक्रॉन निघाली. त्यामुळे यंत्रावर दिसणारा दाब खऱ्यापेक्षा कमी वाचला जात असावा, असे त्यांनी सांगितले.

लहान चकतीत तंतू दाटीवाटीने असतात, तिथे निरोगीपणी कप जवळजवळ नसतोच, तिथे ०.४ हा आकडा म्हणजे बरेच काही गेलेले असू शकते. तेव्हा मृण्मयीताईंना ०.७ ची भीती दाखवणारी आणि माझ्या वडिलांना ०.४ चा दिलासा देणारी चूक एकच आहे, असे मला वाटते.

स्कॅनवाली

मी नेत्रतंत्रज्ञ आहे आणि दिवसाला वीस-पंचवीस ओसीटी काढते, म्हणून लाल तुकड्यांबद्दल लिहिते.

यंत्र रोग ओळखत नाही. ते चकतीभोवती साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखते, त्या वर्तुळावर तंतूंच्या थराची जाडी मोजते आणि कंपनीने गोळा केलेल्या काहीशे निरोगी डोळ्यांशी तिची तुलना करते. त्या निरोगी लोकांत सर्वांत पातळ थर असलेल्या एक टक्क्यात तुमचे माप पडले तर लाल, एक ते पाच टक्क्यांत पडले तर पिवळा, त्यापुढे हिरवा. म्हणजेच लाल या रंगाचा अर्थ ‘असे माप निरोगी माणसांत विरळा असते’ इतकाच आहे. शिवाय घड्याळाच्या बारा तासांप्रमाणे बारा भाग वेगवेगळे तपासले जातात, तेव्हा कुठे ना कुठे एखादा लाल तुकडा निघण्याची शक्यता एका टक्क्यापेक्षा बरीच वाढते.

उणे नंबराच्या डोळ्यांत याला आणखी दोन फाटे फुटतात. असा डोळा लांब असतो. लांब डोळ्यात यंत्राचे वर्तुळ प्रत्यक्षात ठरल्यापेक्षा मोठे पडते आणि चकतीपासून दूर गेले की थर पातळच असतो. दुसरे म्हणजे, वरचा आणि खालचा असे तंतूंचे जे दोन जाड जुडगे असतात ते अशा डोळ्यांत कानाच्या बाजूला सरकलेले असतात. यंत्र जुन्या जागी डोंगर शोधते, तिथे त्याला उतार सापडतो आणि ते लाल रंगवते. छापील अहवालातला आलेख पाहा: काळ्या रेषेचे दोन उंचवटे असतील, उंचीही भरपूर असेल, पण ते हिरव्या पट्ट्याच्या उंचवट्यांच्या शेजारी सरकलेले दिसतील, तर तो झिजलेला थर नव्हे, सरकलेला थर आहे. आमच्यात याला ‘रेड डिसीज’ असे थट्टेने म्हणतात, म्हणजे कागदाला झालेला आजार. याच्या उलट ‘ग्रीन डिसीज’ही असतो. कोणाचा थर मुळात फार जाड असेल, तर त्यातला चांगला हिस्सा गेला तरी उरलेला हिरव्या पट्ट्यातच राहतो. तो जास्त घातक, कारण हिरवा रंग पाहून कोणीच दुसरे मत घ्यायला जात नाही.

आणखी एक लहानशी गोष्ट. स्कॅनच्या वर सिग्नलचा आकडा असतो, आमच्या यंत्रावर दहापैकी सहाच्या खाली आला तर मी तो स्कॅन ठेवत नाही. डोळा कोरडा पडला, मोतीबिंदू असला किंवा रुग्णाने पापणी अर्धवट मिटली तरी थर पातळ दिसतो. संध्याकाळी सातच्या सुमारास, गर्दीत, तिसऱ्यांदा ‘मावशी, डोळा उघडा ठेवा’ म्हणताना हे सगळे पाळले जातेच असे नाही. हे मी आमच्याच बाजूची कबुली म्हणून लिहिते.

मृण्मयी_क

सर्वांचे मनापासून आभार. स्कॅनवालीताई, तुम्ही सांगितल्यावर आलेख काढून पाहिला. दोन्ही उंचवटे खरोखरच बाजूला सरकलेले आहेत आणि सिग्नल उजव्याला ७, डाव्याला ६ आहे.

आता डॉक्टरसाहेबांना दोन प्रश्न. मोठी चकती आणि उणे नंबर ही कारणे सापडली म्हणजे मी सुटले, असे समजावे का? आणि माझ्या भावालाही उणे नंबर आहे, त्याची तपासणी करून काही उपयोग होईल का? थेंब मी अद्याप सुरू केलेले नाहीत.

निमशहरी_नेत्रवैद्य

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. उणे नंबर हा अहवालाला फसवतो आणि त्याच वेळी काचबिंदूची शक्यताही वाढवतो. या विषयातली खरी अडचण तीच आहे. लांब डोळ्यातली चकती बऱ्याचदा तिरपी बसलेली असते, एका बाजूने कप उथळ होत रिममध्ये मिसळतो, कडेला श्वेतपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचाचा, फिकट चंद्रकोरीसारखा भाग उघडा पडतो, आणि मग रिम कुठे संपते यावरच दोन डॉक्टरांचे एकमत होत नाही. तिरप्या चकतीमुळे फील्डमध्येही डाग येऊ शकतो, पण तो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. जन्मापासून चकतीचा वरचा भाग अपुरा वाढलेला असेल, जो प्रकार मधुमेही मातांच्या मुलांत अधिक दिसतो, तर त्याचेही फील्ड हुबेहूब काचबिंदूसारखे येते.

मग आम्ही पाहतो काय? निरोगी चकती सहसा उभी लंबगोल असते आणि तिच्यातला कप किंचित आडवा, त्यामुळे रिम खाली सर्वांत जाड, मग वर, मग नाकाकडे आणि कानाकडे सर्वांत बारीक, असा क्रम बसतो. सगळ्या निरोगी डोळ्यांत हा क्रम काटेकोर पाळला जात नाही, हे खरे. तरी मोठा पण गोल कप आणि सगळीकडे भरलेली गुलाबी रिम दिसली की मी निवांत होतो, आणि लहानसा पण उभा ओढलेला कप दिसला की खुर्ची पुढे ओढतो. दोन डोळ्यांत ०.२ चा फरक असेल तर प्रथम दोन चकत्यांचे माप घेतो. चकत्याच असमान असतील तर कपही असमान असणार, चकत्या समान असतील तर मात्र तो फरक गंभीर. कडेवर ज्योतीसारखा बारीक रक्तस्राव दिसला तर त्याला नैसर्गिक ठेवण म्हणून सोडून देत नाही. रिम उरलेली आहे पण पांढुरकी पडली आहे, असे दिसले तर तो बहुधा काचबिंदू नव्हेच. तिथे दृष्टिचेतेवर, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या त्याच तंतूंच्या जुडग्यावर, दुसरीकडे दाब नाही ना, हे पाहण्यासाठी मेंदूचा स्कॅन लागू शकतो.

दाब १५-१६ आहे एवढ्यावर विसंबू नका. जपानमधील ताजिमी येथील पाहणीत मूळ खुल्या कोनाच्या काचबिंदूच्या (हा त्याचा सर्रास आढळणारा प्रकार) रुग्णांपैकी ९२ टक्क्यांचा दाब २१ किंवा त्याखाली, म्हणजे नेहमीच्या मर्यादेतच, होता. फील्ड निर्दोष आहे यावरही पूर्ण विसंबू नका. क्विग्ली आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले की त्या काळच्या फील्डवर दोष उमटण्याआधी तंतूंचा मोठा हिस्सा, काही डोळ्यांत ४० टक्क्यांपर्यंत, गेलेला असू शकतो. ठेवण बदलत नाही, रोग बदलतो. तुमच्या बाबतीत फरक कळेल तो काळानेच, आणि त्यासाठी आजचे छायाचित्र हवे. छायाचित्र म्हणजे ओसीटीचा रंगीत कागद नव्हे, चकतीचा स्वच्छ फोटो. तो मागून घ्या, तारीख घालून स्वतःजवळ ठेवा. थेंबांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. सुरू केलेले थेंब कोणी हा धागा वाचून बंद करू नयेत.

भावाला जरूर दाखवा. चकतीचा आकार बराचसा आनुवंशिक असतो, आणि काचबिंदूही सख्ख्या भावंडांत अधिक आढळतो. त्यामुळे त्याची तपासणी दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे.

त्रैराशिक

‘ठेवण बदलत नाही’ यावर एक शंका. वयाबरोबर निरोगी माणसाचेही तंतू कमी होतात असे वाचले होते. मग दहा वर्षांनी त्यांचा स्कॅन थोडा पातळ आला तर तो बदल रोगाचा धरायचा का?

निमशहरी_नेत्रवैद्य

बरोबर पकडलेत. वर्षाला काही हजार तंतू वयामुळे जातातच. ही घट सगळीकडून सावकाश होते, काचबिंदूची घट सहसा एका जागी, बहुधा खाली किंवा वर, आणि अधिक वेगाने होते. एका स्कॅनच्या फरकावर मी विश्वास ठेवत नाही, निदान तीन-चार स्कॅन एकाच यंत्रावर हवेत. यंत्र बदलले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मृण्मयी_क

पाच महिन्यांनी लिहीत आहे, कोणाला उपयोग होईल म्हणून. दुसऱ्या मतासाठी गेले होते त्या बाईंकडेच पुन्हा गेले आणि संकोचत चकती मोजायची विनंती केली. त्यांनी हसून भिंग उचलले, पट्टीवर १.८ वाचले आणि १.३ ने गुणून २.३४ असे कागदावर माझ्यासमोर लिहिले. डाव्याचे २.२१ आले. पारपटलाची जाडी ५४४ आणि ५४१. रिम खाली सर्वांत जाड आहे, खाच नाही, रक्तस्राव नाही. नवा स्कॅन त्याच यंत्रावर काढला, आकडे मागच्याइतकेच आले आणि लाल तुकडेही होते तिथेच आहेत. थेंब नाहीत, पुढची तारीख सात महिन्यांनंतरची आहे.

भावाला घेऊन गेले होते. त्याचा नंबर माझ्यापेक्षा कमी, फक्त उणे २, पण चकती तशीच रुंद आणि कप तसाच मोठा व गोल. बाईंनी पडद्यावर आम्हा दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले, तेव्हा कोणता कोणाचा हे खालचे नाव वाचल्याशिवाय मला ओळखता आले नाही. दोन्ही फोटो तारखेसह पेनड्राइव्हमध्ये घेतले आहेत, आणि एक छापील प्रत चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या फायलीत लावली आहे.

कृष्णाकाठ

वाचून बरे वाटले, ताई. वडिलांचे फील्ड गेली दोन वर्षे थेंबांवर जागच्या जागी आहे. त्यांच्या फायलीत त्याआधीच्या सात वर्षांचे सात कागद आहेत, प्रत्येकावर ०.४ आहे, आणि चकतीचा फोटो एकही नाही.